मागे ऊन होतं

"थांब, थांब. सुईतून दोरा निघाला. तिला कुलपापाशीच उभी ठेव जरा," मावशी म्हणाली.

मास्तरणीने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. मावशी सुई खिडकीच्या उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून दोरा ओवायला लागली. दोरा नेढ्याच्या बाजूबाजूने जात राहिला आणि तोवर सगळा हॉल खोळंबला.

"अगं मावशे, आण ती सुई इकडं," शेजारची लवंगी वैतागली. "ती बिचारी तिकडं उन्हात उभी आहे आणि तुला अजून नेढंच सापडेना."

"उन्हात ती उभी आहे, तू नाहीस. गप बस."

सगळ्या हसल्या. उन्हात उभी होती ती पुस्तकातली बाई. मिठागरात राबणारी. मिठागराच्या मालकाने तिथल्या एकुलत्या एका गोड्या विहिरीला कुलूप घातलं होतं. जिचं मीठ कमी भरेल तिला त्या दिवशी पाणी नाही, असा त्याचा कायदा. गेले कित्येक दिवस हॉलमधल्या बायका त्या मालकाच्या नावाने बोटं मोडत होत्या, आणि आज शेवटचं प्रकरण होतं. ती बाई हातात दगड घेऊन विहिरीपाशी आली होती.

मास्तरीण ही काही खरी मास्तरीण नव्हती. तिची शाळा नववीतच सुटलेली. पण त्या हॉलमध्ये न अडखळता वाचणारी ती एकटीच, म्हणून नाव पडलं ते पडलं. हॉल शर्टांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खाली मशिनं धडधडायची, वर फक्त हातकाम. महागातल्या शर्टांना बटणं हाताने लावायची, सुटे धागे कापायचे आणि गठ्ठे बांधायचे. मास्तरीण आधी खाली काजाच्या मशिनीवर होती. एकदा मशिनीची सुई तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटातून आरपार गेली. बोट राहिलं, पण वळायचं थांबलं. कारखान्याच्या मालकांनी मोठ्या मनाने तिला काढून टाकलं नाही, वर हातशिलाईला पाठवलं. तिथे नगावर पैसे मिळतात, आणि न वळणाऱ्या बोटाकडून नगच होत नाहीत. मोठ्या मनाची माणसं अशी सोय बघतात.

तोड काढली ती मावशीनेच. "तू आम्हाला वाचून दाखव. शर्टांचं आम्ही बघू." तेव्हापासून संध्याकाळी प्रत्येक जण आपल्या गठ्ठ्यातला एखादा शर्ट मास्तरणीच्या टेबलावर टाकायची आणि तो तिच्या नावावर धरला जायचा. सक्ती कुणाचीच नव्हती. पुस्तक रंगलं की शर्ट जास्त पडायचे. रडकं निघालं की काही जणी विसरायच्या. विसरणाऱ्यांना मास्तरीण कधी काही बोलली नाही, पण रात्री घरी तिला ते विसरणं जाणवायचं. ती भावाकडे राहत होती, आणि वहिनी ताटात वाढायची ती पगाराच्या अंदाजाने.

त्यातून तिला शेवट बदलायची खोड लागली.

वाचनालयातला माणूस तिला नव्या पुस्तकांतलं काहीतरी काढून द्यायचा, आपल्याच देशातल्या, आत्ता लिहिणाऱ्या लेखकांचं. "न्या, पण सुटका मागू नका," तो म्हणायचा. "हल्लीच्या कादंबरीत कुणी सुटत नाही. वरचा खालच्याला दाबतो, खालचा त्याच्या खालच्याला, आणि अगदी तळाचा नशिबाला बोल लावतो." बायकांना ही पुस्तकं फार आवडत. दाबणारा माणूस आला की सुया भराभर चालत. "ह्या मेल्याचं थोबाड आपल्या साहेबासारखंच असणार बघ," लवंगी हळूच म्हणे, आणि हॉलभर खसखस पिके. शेवट मात्र त्यांना गोड हवा असे. इथे दबायचं, घरी जाऊन पुन्हा दबायचं, मध्ये पुस्तकात तरी कुणी सुटावं, असं वाटण्यात त्यांचं काय चुकलं? एकदा एका कादंबरीतला हमाल शेवटच्या पानावर गोदामाच्या पायरीवर मरून पडला होता. मास्तरणीने त्याला उठवून बसवलं, मुकादमाला त्याची माफी मागायला लावली. त्या संध्याकाळी टेबलावर शर्ट मावेनात. मग प्रत्येक पुस्तकात ती कुणाला ना कुणाला उठवून बसवायला लागली. पुस्तक परत करताना तिला त्या लेखकाची जरा लाज वाटे, एवढंच.

दाराजवळच्या स्टुलावर मुकी बसायची. जन्माची मुकी नव्हे, बोलायची कमी म्हणून मुकी. तिशी-पस्तिशीची, अंगाने किरकोळ, घरी अंथरुणाला खिळलेली आई. इतर जणी पुस्तक ऐकता ऐकता हसायच्या, शिव्या द्यायच्या, मध्येच घरची गोष्ट काढायच्या. मुकी मात्र कुणीतरी आपल्यासाठी निरोप पाठवलाय अशी ऐकायची. विहिरीच्या कुलपाचा भाग आला त्या दिवशी मावशी उसासा टाकून म्हणाली होती, "नशीब बाई एकेकीचं. प्यायच्या पाण्यालासुद्धा नशीब लागतं."

मुकीने मान वर न करता विचारलं, "कुलूप नशिबानं लावलं का मालकानं?"

"अगं बाई, मुकी बोलली!" लवंगी ओरडली, आणि हसण्यात तो प्रश्न बुडून गेला. मावशी तेवढी खूप वेळ स्वतःशीच पुटपुटत राहिली, की मालकसुद्धा नशिबानंच मिळतो.

हॉलमध्येही एक कुलूप होतंच, ते संडासाला. सुपरवायझर नवा आला तेव्हापासून संडासाची किल्ली त्याच्या टेबलामागच्या खिळ्याला लटकत असे. बायका तिकडे जाऊन वेळ काढतात, असं त्याचं म्हणणं. जायचं असेल तिने त्याच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि तो मान वर करेपर्यंत थांबायचं. कधी तो लगेच मान वर करायचा, कधी बराच वेळ करायचा नाही, कधी म्हणायचा, "हातातलं बटणांचं खोकं संपवा, मग या." वाईट माणूस नव्हता तो, असं त्याची बायको तरी सांगत असेल. वाचनाला त्याची हरकत नव्हती. बायका ऐकत असल्या की बोलत नाहीत, बोलल्या नाहीत की बटणं जास्त लागतात, हे त्याला कळलं होतं. शिवाय तो स्वतःही ऐकायचा.

"ओवला बाई एकदाचा," मावशी म्हणाली. "हं, घाल दगड."

मास्तरणीने पान उलटलं. पानावर होतं ते एका नजरेत वाचलं. असं कसं लिहिलं या माणसाने? तिने वर पाहिलं. सगळ्या सुया थांबल्या होत्या. मग पानाकडेच बघत, जे पानावर नव्हतं ते ती वाचायला लागली.

कुलूप फुटलं. मालक धावत आला. "कोण म्हणतं विहीर उघडी राहणार?" तो ओरडला. ती बाई म्हणाली, "आम्ही म्हणतो." तिने मागे वळून पाहिलं. मागे मिठागरातल्या झाडून सगळ्या बायका उभ्या होत्या, कमरेवर घागरी घेऊन. आणि त्या एका आवाजात म्हणाल्या, "आम्ही म्हणतो." मालकाने किल्ली खाली ठेवली आणि तो निघून गेला.

लवंगीने स्टुलावर मूठ आपटली. मावशीने हातातल्या शर्टालाच डोळे पुसले आणि मग डाग पडला म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या. मुकी सुई हवेत धरून तशीच बसली होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

संध्याकाळी जिना उतरताना सुपरवायझर मास्तरणीला म्हणाला, "पुस्तक चांगलं होतं, बाई. शेवट जरा ओढूनताणून वाटला. असं कुठं होतं का?"

"पुस्तकात होतं, साहेब."

"हां. पुस्तकात होत असेल."

सगळ्या हॉलमध्ये खोटेपणा ओळखला तो एवढ्या एकाने.

पुढच्या आठवड्यात नवं पुस्तक सुरू झालं, रेल्वेच्या फाटकावर राहणाऱ्या एका माणसाचं. त्या दिवशी मावशीला सकाळपासून बरं नव्हतं. तिला साखर होती, तिला सारखं जावं लागे, आणि याची तिला फार लाज वाटे. ती उठून टेबलासमोर उभी राहिली. सुपरवायझर फोनवर बोलत होता. त्याने बोट वर करून तिला थांबवलं. ती या पायावरून त्या पायावर होत राहिली. "साहेब, जरा..." म्हणाली. त्याने पुन्हा बोट वर केलं. फोन संपला, तसं त्याने विचारलं, "आत्ताच गेला होतात ना? ते खोकं संपवा आधी."

मावशी वळली, पण जागेवर पोचली नाही. हॉलच्या मधोमध ती थांबली, दोन्ही हातांनी कपडे मुठीत धरून. तिच्या पायांशी फरशी ओली झाली.

मास्तरणीचं वाचन थांबलं. कुणी हसलं नाही. तेवढ्यात मुकी उठली. उठण्याआधी तिने हातातलं बटण पुरं केलं, दोरा कापला, शर्ट नीट खाली ठेवला. मग ती सरळ टेबलामागे गेली, खिळ्याची किल्ली काढली, संडासाचं कुलूप उघडलं. मावशीच्या खांद्याला धरून तिला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. परत येऊन ती टेबलासमोर उभी राहिली. किल्ली तिच्या हातातच होती.

"ही किल्ली आता दाराला राहील, साहेब."

सुपरवायझर चिडला नाही. त्याला बहुतेक नवल वाटलं. "कोण म्हणतं?" त्याने विचारलं.

मुकी काय बोलणार हे मास्तरणीला मुकीच्या आधी कळलं होतं.

"आम्ही म्हणतो," मुकी म्हणाली. आणि तिने मागे वळून पाहिलं.

मागे सगळ्यांच्या माना खाली होत्या. लवंगी खोक्यातली बटणं उगाच चिवडत होती. कुणी दोरा ओवत होती, कुणी ओवलेला दोरा काढून पुन्हा ओवत होती. उठणं काही डोंगर चढण्यासारखं नव्हतं. कुणीतरी आधी उठायला हवं होतं, आणि प्रत्येक जण त्या कुणाची तरी वाट बघत होती. मास्तरणीचे गुडघे हलले. ते वाक्य तिचं होतं. त्या लेखकाचं नाही, मुकीचंही नाही, तिचं. पण गुडघ्यांबरोबर तिला ते न वळणारं बोट दिसलं, वहिनीचा ताटात वाढणारा हात दिसला, आणि गुडघे जागच्या जागी राहिले. मुकीची नजर सगळ्यांवरून फिरत फिरत तिच्यावर आली आणि थांबली.

"वाचा ना बाई," सुपरवायझर शांतपणे म्हणाला. "थांबलात का?"

आणि मास्तरीण वाचायला लागली. फाटकावरचा माणूस कंदील लावत होता, गाडीला अजून वेळ होता. ती एकदाही अडखळली नाही. न अडखळता वाचणारी म्हणूनच तर तिचं नाव होतं. मुकीने किल्ली टेबलावर ठेवली, खुंटीवरची पिशवी घेतली, डबा घेतला आणि ती जिना उतरून गेली. तिला कुणी काढलं नाही, कुणी थांबवलंही नाही. पुस्तकाचा आवाज मात्र तिला अर्ध्या जिन्यापर्यंत ऐकू आला असेल.

त्या संध्याकाळी मास्तरणीच्या टेबलावर कधी नव्हे इतके शर्ट पडले. लवंगीने टाकले, खोकल्याची उबळ आल्यासारखं करत. मावशीने तर आपला अर्धा गठ्ठाच ठेवला आणि मान वर न करता ती निघून गेली. किल्ली खिळ्यावर परत गेली होती. सुपरवायझर दिवे बंद करताना म्हणाला, "बघा. मी म्हटलं होतं ना?"

सुट्टीच्या दिवशी मास्तरणीने वाचनालयातून मिठागराचं पुस्तक पुन्हा काढलं आणि ती मुकीचं घर शोधत गेली. मुकी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहायची. आता तिथेच इस्त्रीला लागली होती. पैसे कमी, पण आईकडे लक्ष राहतं, असं तिने सांगितलं. खोलीत वाफेचा वास होता. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कोण आलंय गं?" आईने विचारलं.

"कामावरची आहे. वाचणारी."

"तीच का, जिचं तू मला सांगतेस?"

मुकीने स्टूल पुढे सरकवलं आणि ती चादरीवर इस्त्री फिरवत राहिली. मास्तरणीने सगळं ठरवून आणलं होतं, माफी कशी मागायची, काय सांगायचं. पण तिच्या तोंडातून एवढंच आलं, "मी शेवट खोटा वाचला होता."

इस्त्री थांबली.

"कुठला?"

"विहिरीचा. तो पुस्तकात नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी..." ती थांबली. मग खरं होतं ते बोलली. "तुम्ही शर्ट टाकावेत म्हणून."

मुकीने इस्त्री बाजूला उभी केली. खाटेच्या कडेवर बसली. "मग खरा वाच."

मास्तरणीने पान उघडलं. आज आवाज अडखळत होता. पुस्तकातल्या बाईने दगड घातला, कुलूप फुटलं. ती दोन ओंजळी पाणी प्यायली. मग तिने मागे वळून पाहिलं. मागे ऊन होतं. बायका आपापल्या वाफ्यात पाठमोऱ्या वाकल्या होत्या, मीठ ओढत होत्या. ती गेल्यावर त्या एकेक करून आल्या आणि उघड्या विहिरीवरून घागरी भरून घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत विहिरीला नवं कुलूप लागलं. तिच्या जागी दुसरी बाई आली आणि तिचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

लाँड्रीत कुणीतरी बादली सरकवली.

"लिहिणाऱ्याला माहीत होतं म्हणजे," मुकी म्हणाली.

"हो."

"तुलाही माहीत होतं. पान तुझ्यासमोर होतं."

"हो." मास्तरणीला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. "तुला खरं कळलं असतं तर तू गेली नसतीस गं. तुझी नोकरी राहिली असती."

मुकीने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. असता तर बरं झालं असतं.

"गेले असते," ती म्हणाली. "मावशी तशी उभी होती, गेलेच असते. पण मागं वळून पाहिलं नसतं."

ती उठली, इस्त्रीचा चटका बोटाने बघितला आणि चादरीची पुढची घडी उलगडली. मास्तरीण आणखी थोडा वेळ बसली. मग पुस्तक पिशवीत घालून निघाली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सगळ्या स्थिरस्थावर झाल्यावर तिने फाटकवाल्याचं पुस्तक बाजूला ठेवलं. "आज आधी मिठागराचं शेवटचं पान," ती म्हणाली. "ते मी चुकीचं वाचलं होतं."

"वाच की," लवंगी म्हणाली. "चांगला होता तो शेवट, पुन्हा ऐकू."

तिने पानावर होतं तसं वाचलं. ऊन वाचलं, पाठमोऱ्या बायका वाचल्या, त्यांनी नंतर भरून नेलेल्या घागरी वाचल्या. सुपरवायझर लिहिता लिहिता थांबला होता. वाचून झाल्यावर कुणी सुई उचलली नाही.

"म्हणजे सुटली नाही ती?" लवंगीने विचारलं.

"नाही."

"आणि त्या बायका? आम्ही म्हणतो म्हणणाऱ्या?"

"त्या पुस्तकात नाहीत. त्या मी घातल्या होत्या."

लवंगीचा चेहरा लाल झाला. "कुणी सांगितलं होतं तुला आता हे वाचायला? कामावर बसल्या बसल्या आमच्या तोंडात मारायला?"

मावशी दाराजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होती. "झाकली मूठ होती, बाई," ती हळू म्हणाली. "कशाला उघडलीस?"

त्या दिवशी फाटकवाल्याचं पुस्तक कुणी मागितलं नाही. संध्याकाळी बायका आपापले गठ्ठे बांधून टेबलासमोरून गेल्या. लवंगी सरळ गेली. बाकीच्याही तशाच. मावशी टेबलापाशी थांबली, हातातल्या शर्टाकडे तिने पाहिलं, जरा रेंगाळली आणि मग तो शर्ट आपल्याच गठ्ठ्यावर ठेवून जिना उतरायला लागली.

टेबल रिकामं होतं. मास्तरणीने ते थोडा वेळ पाहिलं. मग ती उठली, उरलेल्या ढिगातला एक शर्ट घेतला, बटणांच्या खोक्यातलं एक बटण घेतलं आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. सुई अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरली. पहिलं बोट मध्ये येत होतं, काठीसारखं सरळ. सुई दोनदा निसटली, एकदा अंगठ्यात घुसली.

सुपरवायझर दिव्याच्या बटणापाशी येऊन उभा राहिला. "चला बाई. बंद करायचंय."

"एवढं एक होऊ द्या, साहेब."

काय मनात आलं कोण जाणे, तो थांबला. तिने दोरा फिरवून गाठ मारली आणि दाताने तोडला. बटण जरा वाकडं बसलं होतं. तिने ते धरून ओढून पाहिलं. निघालं नाही. मग तिने दुसरं बटण घेतलं.